बेलिफाच्या अहवालात काय लिहिलं जाणार? एका जप्तीचं प्रकरण

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं छोटं सल्ला केंद्र चालतं. रेशनकार्ड, पेन्शन, घरगुती भांडणं, वाटप असं सगळं तिथे येतं. अधूनमधून कोर्टाचा बेलीफ, म्हणजे वॉरंट घेऊन जप्ती करणारा कर्मचारी, दारात येऊन गेलेली माणसंही येतात. अशा माणसांना काय सांगायचं यावर आमच्यात जेवढे वाद होतात, तेवढे दुसऱ्या कशावरच होत नाहीत. खालचं प्रकरण त्यातलंच आहे. माणसांची ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत.

प्रकरण

मास्तर शिवणकाम करतात. घर आईच्या नावावर आहे. पुढची खोली म्हणजे दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. दुकानात चार मशिनी: एक जुनी पायमशीन, दोन मोटरच्या आणि एक ओव्हरलॉक. मास्तर स्वतः कटिंग आणि शर्ट-पँट करतात, त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, फॉल-पिको आणि ब्लाउज बघतात, सीझनला दोन बायका मदतीला येतात.

जानेवारी २०२० मध्ये त्यांनी एका कापड व्यापाऱ्याकडून शाळेच्या गणवेशाचं कापड उधारीवर उचललं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, शाळा बंद पडल्या. शाळा उघडल्या तेव्हा त्या संस्थेने गणवेशाचा रंगच बदलला होता. कापडाचे तागे माळ्यावर राहिले आणि उधारी अंगावर. त्या व्यापाऱ्याने, म्हणजे शेठनी, २०२२ च्या फेब्रुवारीत २ लाख ६० हजारांचा दावा लावला. मास्तर पहिल्या तारखेला हजर राहिले, कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) दिली नाही, पुढे तारखांना गेलेच नाहीत. मार्च २०२३ मध्ये एकतर्फी डिक्री, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा निवाडा झाला, दाव्याच्या तारखेपासून ९ टक्के व्याज आणि खर्चासह. ऑगस्ट २०२४ मध्ये शेठनी दरखास्त (डिक्रीच्या वसुलीचा अर्ज) दाखल केली तेव्हा आकडा ३ लाख ३२ हजार ७०० झाला होता.

डिक्रीनंतर मास्तरांनी शेठना पन्नास हजार दिले होते. वीस हजार फोन-पेवर, तीस हजार रोख. रोखीची पावती नाही. दरखास्तीत या पन्नास हजारांचा उल्लेखही नाही.

जानेवारी २०२५ मधल्या एका सोमवारी बेलीफ आला. सोबत शेठचा मुनीम आणि दोन पंच. मास्तर कापड आणायला सोलापूरला गेले होते. वहिनी घाबरल्या, पण दार उघडलं, वॉरंटाची तारीख आणि दरखास्तीचा नंबर कागदावर उतरवून घेतला. बेलीफ म्हणाला, "मालक नाहीत तर मी गुरुवारी येतो. तोवर काय ते बघा." वॉरंट परत पाठवायची मुदत वीस तारखेची होती.

वहिनींनी नंबर उतरवून घेतला, हे त्या दिवसातलं सगळ्यात शहाणपणाचं काम. हल्ली वसुलीची पोरंसुद्धा "कोर्टाचा माणूस" म्हणून येतात आणि व्हॉट्सॲपवर कसलंतरी शिक्का मारलेलं पीडीएफ टाकून त्याला वॉरंट म्हणतात. आम्ही ई-कोर्टच्या ॲपवर नंबर टाकला. दरखास्त खरी, वॉरंटचा हुकूम खरा, बेलीफ खरा. मग वादाला सुरुवात झाली.

चार सल्ले

मास्तर आमच्याकडे येण्याआधी गावभर फिरून आले होते. त्यामुळे मंगळवारी रात्री केंद्रात चार मतं हजर होती. तीन माणसांच्या रूपात आणि एक निरोपाच्या.

निरोप शेजारच्या एकाचा होता: "दोन हजार टेकवा, 'घर बंद आढळले' असा अहवाल जातो." त्यावर आम्ही फार वेळ घालवला नाही. लाच देणं हासुद्धा २०१८ च्या दुरुस्तीपासून सरळ गुन्हा आहे, आणि बेलिफाने स्वतः मागितलीच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. या बेलिफाने काही मागितलं नव्हतं, हेही नोंदवायला हवं. बेलीफ म्हटलं की हात पसरलेलाच असणार, असं समजून सल्ले देणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत.

दुसरं मत भाऊंचं. भाऊ कर्जदारांच्या चळवळीतले, तीस वर्षं मोर्चे काढलेला माणूस. त्यांचं म्हणणं: "गुरुवारी घराला कुलूप. मशिनी बुधवारी रात्रीच बहिणीकडे हलवा. बेलिफाला दार तोडता येत नाही. तो 'कुलूप' असा अहवाल देईल, शेठला नवीन वॉरंटाचा अर्ज करावा लागेल, परत बेलिफाचा भत्ता भरावा लागेल. दोनदा असं झालं की शेठ तडजोडीला येतो. शिवाय दरखास्तीची नोटीसच दिलेली नाही, सगळं बेकायदेशीर आहे."

तिसरं मत वकील मॅडमचं. त्या आमच्या केंद्राला विनामूल्य वेळ देतात. त्यांना वाटत होतं की मुळात डिक्रीलाच हात घालावा. एकतर्फी डिक्री रद्द करण्याचा अर्ज, उशीर माफीचा अर्ज, आणि तोवर जप्तीला स्थगिती. "कापड निकृष्ट होतं, पन्नास हजार भरलेत, हे मांडायला जागाच मिळाली नाही. एकदा वस्तू जप्त झाल्या की माणूस कच खातो."

चौथं मत अण्णांचं. अण्णा कोर्टात नाझर होते, म्हणजे बेलिफांना वॉरंटं वाटून देणारे आणि त्यांचे अहवाल तपासणारे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. ते सगळ्यांचं ऐकून एवढंच म्हणाले, "दार उघडा. बसायला खुर्ची द्या. आणि तो अहवालात काय लिहिणार ते आत्ता ठरवा."

भाऊंच्या सल्ल्यात काय खरं आहे

भाऊंना हसणं सोपं आहे, आणि सुशिक्षित सल्लागार ते करतातच. पण त्यांचा अनुभव खोटा नाही. डिक्री मिळवणं सोपं आणि वसूल करणं कठीण, हे आपल्या दिवाणी कोर्टांचं जुनं दुखणं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शहा प्रकरणात दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा असं सांगितलं, मार्च २०२५ मध्ये पेरियम्मल प्रकरणात पुन्हा बजावलं आणि उच्च न्यायालयांकडून आकडे मागवले. ते आकडे आले तेव्हा देशात ८ लाख ८२ हजारांवर दरखास्ती पडून होत्या, आणि त्यातल्या सर्वाधिक, ३ लाख ४१ हजार, मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या. इतक्या ढिगात एका कुलपाने एखादी दरखास्त वर्षभर मागे पडते हे भाऊंनी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून ते सांगतात.

त्यांचं कायद्याचं वाचन मात्र तीन ठिकाणी चुकत होतं.

नोटिशीचं आधी. डिक्रीला दोन वर्षं उलटून गेल्यावर दरखास्त आली तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ नियम २२ खाली आधी नोटीस काढावी लागते. इथे दीड वर्षही झालं नव्हतं. वॉरंट थेट आलं यात बेकायदेशीर काही नव्हतं. ही गोष्ट लोकांना पटत नाही, कारण "आधी नोटीस, मग जप्ती" हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

मग दाराचं. "बेलिफाला दार तोडता येत नाही" हे वाक्य आजकाल मोबाइलवर फिरतं. भाऊंनी आम्हाला दाखवलेला व्हिडिओ मूळ इंग्लंडमधला होता, त्यावर कुणीतरी मराठी आवाज चढवला होता. इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्ससारख्या (तिथली घरपट्टी) थकबाकीसाठी पहिल्यांदा आलेल्या बेलिफाला घरात जबरदस्तीने शिरता येत नाही, त्यामुळे "आत घेऊच नका" हा तिथे रास्त सल्ला आहे. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६२ आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी राहत्या घरात जप्तीसाठी शिरायचं नाही, हे त्यात आहे. बाहेरचं दार तोडायचं नाही, हेही आहे. पण घर देणेकऱ्याच्याच ताब्यात असेल आणि तो आत येऊ देत नसेल, तर हे दुसरं संरक्षण गळून पडतं. आणि हे सगळं राहत्या घराला. मास्तरांचं शटर दुकानाचं आहे. मालमत्ता ताब्यात घ्यायला आलेल्या सरकारी नोकराला अंगाने अडवलं तर भारतीय न्याय संहितेची कलमं २१८ आणि २२१ लागतात. दोन लाख साठ हजारांच्या उधारीत फौजदारी घुसवण्याचं काही कारण नव्हतं.

सगळ्यात धोक्याचा होता तो मशिनी हलवण्याचा भाग. पैशाच्या डिक्रीत माणसाला दिवाणी कैदेत टाकता येतं, पण सहजासहजी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगून ठेवलंय की केवळ पैसे नाहीत म्हणून तुरुंग नाही, त्यामागे लबाडी किंवा ऐपत असून टाळाटाळ दिसली पाहिजे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ मध्ये लबाडीचं जे वर्णन आहे त्यात दावा दाखल झाल्यानंतर मालमत्ता लबाडीने हलवणं, लपवणं हे शब्द स्पष्ट आहेत. म्हणजे बुधवारी रात्री मशिनी टेम्पोत चढवल्या असत्या, तर शेठच्या वकिलाच्या हातात जे नव्हतं ते आम्हीच दिलं असतं. पाच हजारांवरच्या डिक्रीत कैद तीन महिन्यांपर्यंत असू शकते, आणि कैद भोगून आलं तरी देणं तसंच राहतं.

भाऊ यावर म्हणाले, "गावात आजवर कुणाला आत टाकलंय का?" प्रश्न रास्त होता. अण्णांनी उत्तर दिलं नाही, नुसतं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांना मुलीचं लग्न ठरवायचं होतं. कैद होवो न होवो, कारणे दाखवा नोटीस घेऊन बेलीफ पुन्हा गल्लीत येणं त्यांना परवडणारं नव्हतं. सल्ला देताना या गोष्टी कायद्याच्या पुस्तकाबाहेरच्या म्हणून सोडून देता येत नाहीत.

मॅडमचा रस्ता

मॅडमच्या मुद्द्यात जीव होता, पण वेळ टळून गेली होती. एकतर्फी डिक्री रद्द करायचा अर्ज तीस दिवसांत करायचा असतो. समन्स बजावलंच नव्हतं असं असतं तर मुदत माहिती झाल्यापासून मोजता आली असती. मास्तर पहिल्या तारखेला सही करून आलेले. पावणेदोन वर्षांच्या उशिराला कारण काय सांगणार? आणि स्थगिती मिळाली तरी कोर्ट काही रक्कम भरायला लावणार, हा साधारण अनुभव.

पन्नास हजारांचं दुखणं आणखी खोल होतं. डिक्रीनंतर कोर्टाबाहेर पैसे दिले तर ते ऑर्डर २१ नियम २ खाली कोर्टात नोंदवून घ्यावे लागतात. देणेकऱ्याला त्यासाठी तीस दिवसांची मुदत आहे. नोंद नाही तर दरखास्त चालवणारं कोर्ट ते पैसे धरतच नाही. फोन-पेचा स्क्रीनशॉट शंभर वेळा दाखवा. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं नुकसान बेलिफापेक्षा या एका नियमामुळे झालेलं असतं, आणि त्यावर व्हिडिओ कुणी बनवत नाही. एक फट मात्र आहे. तीस दिवसांची मुदत देणेकऱ्याला आहे, पैसे मिळालेल्याला नाही. शेठ स्वतः कधीही कोर्टात पुरसीस (लेखी निवेदन) देऊन "इतके मिळाले" म्हणू शकतात. म्हणजे मास्तरांचे पन्नास हजार कायद्याच्या नव्हे, शेठच्या तोंडात अडकले होते. भांडण वाढवून ते बाहेर निघणार नव्हते.

मॅडमना हे मान्य झालं, पूर्ण पटलं असं नाही.

अण्णांची खुर्ची

अण्णांचं म्हणणं ऐकायला मऊ वाटतं, पण ते अतिशय हिशेबी आहे. न्यायाधीश कधी दारात येत नाहीत. दारात काय झालं हे त्यांना फक्त बेलिफाच्या अहवालातून आणि पंचनाम्यातून कळतं. पुढच्या तारखेला रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) जे होतं ते या दोन कागदांवर होतं. तेव्हा कोणताही सल्ला तोलायचा तर विचारायचं: याने अहवालात कोणतं वाक्य जाईल? कुलूप लावलं तर "जाणीवपूर्वक घर बंद ठेवल्याचे दिसून आले". हुज्जत घातली तर "अडथळा केला, पोलीस संरक्षण मिळावे". दार उघडलं आणि नुसतं रडत बसलं तर काहीच नाही, मुनीम बोट दाखवेल ते लिहिलं जाईल.

बुधवारचा दिवस यातच गेला. त्याच संहितेच्या कलम ६० प्रमाणे काही गोष्टी जप्तच होत नाहीत: अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईने उतरवायचे नसलेले दागिने, आणि कारागिराची हत्यारं. पहिल्या चारांवर कुणी भांडत नाही. मंगळसूत्राला हात लावणारा बेलीफ आम्ही पाहिलेला नाही. भांडण होतं ते हत्यारांवर. चार मशिनींपैकी कारागिराची किती? मॅडम म्हणत होत्या चारही, कारण एकाशिवाय दुसरी चालत नाही. अण्णा म्हणाले, "चार मागाल तर तो एकही मानणार नाही. मास्तर ज्यावर बसतात ती आणि वहिनी ज्यावर बसतात ती. मोलकरणी बसवून चालवायच्या त्यांना हत्यार म्हणणं कोर्टाला जड जातं." मला इथे मॅडमचं मत कायद्याच्या जवळचं वाटलं आणि अण्णांचं दाराच्या जवळचं. आम्ही लेखी हरकत चारही मशिनींची दिली आणि तोंडाने दोन मागितल्या.

दुसरा कागद होता कोणती वस्तू कुणाची याचा. फ्रिज मास्तरांच्या मेहुण्याने बिल स्वतःच्या नावावर घेऊन दिलेला, बिल सापडलं. स्कूटीवर फायनान्स कंपनीचा बोजा, आरसी बुकाची झेरॉक्स. आणि सगळ्यात महत्त्वाचे गिऱ्हाइकांचे कपडे. लग्नसराईचे दिवस, दुकानात पैठण्या, ब्लाउजपीस, शेरवानीचं कापड. हे मास्तरांचं नाही, पण दुकानात आहे. त्यातली एक पैठणी जरी जप्तीत गेली तरी दुकान गेल्यात जमा. वहिनींनी रात्री बसून प्रत्येक कपड्याला टाचणीने चिठ्ठी लावली: नाव, माप, द्यायची तारीख. ऑर्डरच्या वहीत तीच नोंद होतीच.

गुरुवार

बेलीफ साडेअकराला आला. वयाने मास्तरांपेक्षा लहान, हातात कापडी पिशवी, त्यात पॅड आणि शिक्का मारायची लाख. अण्णा मुद्दाम आले नव्हते, "मी दिसलो की त्याला अवघडल्यासारखं होईल" म्हणाले. मी कोपऱ्यात स्टुलावर होतो. बोलायचं मास्तरांनीच, हे ठरलं होतं.

मास्तरांनी वॉरंट वाचायला मागितलं, वाचलं, परत दिलं. मग म्हणाले, "साहेब, आज माझ्याकडं पंधरा हजार आहेत. ते घ्या, पावती द्या." जप्तीच्या वॉरंटात रक्कम दिली नाही तर जप्त करा असाच मजकूर असतो, त्यामुळे बेलिफाला भरणा घेता येतो. मुनीम म्हणाला, "पूर्ण असतील तर बोला." बेलिफाने त्याच्याकडे न बघता पंधरा हजार मोजले, पावती फाडली आणि अहवालात लिहिलं: देणेकऱ्याने हजर राहून अंशतः भरणा केला. अण्णांना हवं असलेलं वाक्य ते हेच.

मग जप्ती सुरू झाली. मुनीम आधी पैठण्यांकडे वळला. बेलिफाने एक चिठ्ठी उलटून पाहिली, वही मागितली, तीन नावं ताडून बघितली आणि म्हणाला, "हे सोडा." माळ्यावरचे गणवेशाचे तागे खाली काढले तर मुनीमच म्हणाला, "ते नको, त्याला कोण विचारतंय." शेठचंच कापड, शेठला नको होतं. बेलिफाने तरी ते यादीत घेतलं, "तुमच्या नको म्हणण्यानं होत नाही" असं पुटपुटत. दोन मशिनी सोडल्या, हरकत जोडून घेतली. एक मोटरची मशीन, ओव्हरलॉक आणि टीव्ही यादीत गेले. उचलून नेण्याइतका हमाल-टेम्पोचा खर्च मुनीमला करायचा नव्हता, म्हणून वस्तू शेजारच्या किराणावाल्याच्या सुपूर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायची लेखी जबाबदारी त्याच्यावर टाकून, दिल्या. ओव्हरलॉकच्या चाकाला सुतळी बांधून तिच्यावर लाखेचा शिक्का मारला तेव्हा वहिनी आत निघून गेल्या.

पंचनामा वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही, हे मास्तरांना दहादा बजावलं होतं. त्यांनी वाचला. त्यात फ्रिज "एक रेफ्रिजरेटर, चालू स्थितीत" म्हणून शिरला होता. बिल दाखवल्यावर बेलिफाने ती ओळ खोडून बाजूला सही केली. हे न वाचता राहिलं असतं तर मेहुण्याला नियम ५८ खाली वेगळा हक्काचा अर्ज करत बसावं लागलं असतं.

पुढे

भाऊ चिडले होते. "तुम्ही शेठचं काम सोपं केलंत," म्हणाले. ओव्हरलॉक लग्नसराईत दोन महिने बंद राहिली, ते काम दुसऱ्याकडून पैसे देऊन करून घ्यावं लागलं, नफ्यातला मोठा भाग तिथे गेला. कुलूप लावलं असतं तर निदान तो हंगाम सुटला असता. हे खरं आहे आणि आम्ही ते मास्तरांपासून लपवलं नव्हतं.

वीस तारखेला अहवाल कोर्टापुढे गेला. मास्तरांनी म्हणणं दिलं, सोबत फोन-पेचं स्टेटमेंट. शेठच्या वकिलांनी तीस हजार रोख मिळाल्याचं साफ नाकारलं, वीस हजारांची पुरसीस मात्र दिली. कोर्टाने प्रकरण मार्चमधल्या राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवलं. पंधरा आणि वीस असे पस्तीस हजार वजा जाता २ लाख ९७ हजार ७०० उरत होते, शिवाय दरखास्तीनंतरचं व्याज. तडजोड २ लाख ५५ हजारांवर झाली, महिना पंधरा हजारांचे सतरा हप्ते. पहिला हप्ता भरला की जप्ती उठणार. लागोपाठ दोन हप्ते चुकले तर मूळ डिक्री पूर्ण रकमेने जिवंत. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, हे मॅडमनी मास्तरांना सही करण्याआधी दोनदा समजावलं. हप्ता दहा हजारांचा व्हावा म्हणून मी बराच जोर लावला. शेठ ऐकले नाहीत, आणि मास्तरही शेवटी म्हणाले, "लवकर संपू दे."

मॅडमचं अजून म्हणणं आहे की तीस हजार रोख बुडाले ते बुडालेच, त्याला "सूट" असं नाव मिळालं इतकंच. हिशेब बघितला तर त्या चुकीच्या नाहीत.

भाऊंचा आक्षेप त्याहून टोकदार आहे आणि मला त्याचं समाधानकारक उत्तर देता आलेलं नाही. ते म्हणतात: घर आईचं. जप्तीत मिळून चाळीस-पन्नास हजारांच्या वर माल नाही. शेठने सगळं विकलं असतं तरी त्याच्या हाती तेवढंच लागलं असतं. मग ज्याच्याकडून पन्नास हजारही वसूल होणार नव्हते त्याने अडीच लाख कबूल का करायचे? तुम्ही कोर्टाच्या भीतीने शेठला जे कोर्ट देऊ शकत नव्हतं ते मिळवून दिलंत.

माझं म्हणणं असं की मास्तर कफल्लक नव्हते. नवरा-बायको मिळून महिन्याला पंचवीस ते तीस हजार हातात येत होते, आणि कलम ५१ मध्ये "ऐपत असून न देणं" हेही कैदेचं कारण आहे. डिक्री बारा वर्षं जिवंत राहते. आई आज आहे, उद्या घरात मास्तरांचा हिस्सा आला की शेठचा बेलीफ त्या हिश्शावर येणार. बारा वर्षं कुलपाच्या आडून धंदा करणं हा टेलरला शक्य असलेला मार्ग नाही. गिऱ्हाईक दार उघडं बघून आत येतं. पण हे सगळं मास्तरांना लागू आहे, म्हणून मी ते बोलतो. रोजंदारीवरच्या माणसाबद्दल मी असंच बोललो असतो का, हा प्रश्न भाऊ विचारतात आणि बरोबर विचारतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये पितृपक्ष आणि त्यात सीना नदीचा पूर. पंधरा दिवस दुकानात कुणी फिरकलं नाही, त्या महिन्याचा हप्ता चुकला. मास्तर आमच्याकडे आले ते हप्ता चुकण्याच्या आधी. शेठच्या वकिलांना लेखी कळवलं, ऑक्टोबरात दोन्ही हप्ते एकत्र भरले आणि पावत्या घेतल्या. आता ते पैसे फक्त बँकेतून देतात, रोखीने कुणालाच नाही. कापडवाल्यांनाही नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे एक सत्तरीच्या बाई आल्या. नवरा गेलेला, त्याने कुणाला तरी जामीन राहून सही केलेली, डिक्रीचा बेलीफ यांच्या दारात. उत्पन्न फक्त सरकारी कुटुंब निवृत्तिवेतन. घर भाड्याचं, त्यात एक कॉट आणि भांडी. नवऱ्याची मालमत्ता म्हणावी असं मागे काहीच राहिलेलं नाही, आणि वारसाचं देणं वारशाने आलेल्या मालमत्तेपुरतंच असतं. पैशाच्या डिक्रीत बाईला अटकही होत नाही. मॅडम म्हणाल्या तालुका विधी सेवा समितीकडून वकील मिळेल, बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, पण घाई नाही. भाऊ म्हणाले काहीही भरू नका, आणि या वेळी मीही तेच म्हणालो. दार उघडा, घर दाखवा, पेन्शनचं पुस्तक दाखवा, "जप्तीयोग्य वस्तू आढळली नाही" एवढा अहवाल जाऊ द्या. बाईंनी विचारलं, थोडे तरी देऊन ठेवू का, हजार-दोन हजार, बरं दिसेल. अण्णा द्या म्हणत होते. आम्ही नको सांगितलं, आणि अण्णा त्या दिवशी चहा न घेताच गेले.